भागूबाईने दिलेली गोळी

दुकानात तिचं खरं नाव कुणी घेत नसे. कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात वाफेच्या प्रेसने फुस्स केलं आणि ही हातातला कोट टाकून थेट रस्त्यावर पळाली. प्रेसवाले काका पोट धरधरून हसले. "आली आमची भित्री भागूबाई!" म्हणाले. पुढे 'भित्री' गळून पडलं, कारण ते वेगळं सांगायची गरजच उरली नाही. मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांची ती भागूबाई झाली आणि तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायचीही तिला भीतीच वाटायची.

भिण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लिफ्ट अडकेल म्हणून ती जिने चढायची आणि जिन्यात पाय घसरेल म्हणून दोन्ही हातांनी कठडा धरायची. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून घरी परतायची आणि निघताना कुलूप नीट लागलं की नाही ही नवी काळजी बरोबर घेऊन यायची. नवरा होता तोवर तो तिला सांभाळून घेई. तो गेल्यावर ते काम मुलीकडे आलं, पण मुलीच्या नाकावर राग. "आई, तुझी भीती विकायला काढली तर गावाला पुरेल," असं ती म्हणायची. भागूबाई हसायची आणि खिडकीची कडी पुन्हा एकदा ओढून बघायची.

हातात सुई आली की मात्र ही बाई वेगळीच. दुकान कपडे धुण्याचं, इस्त्रीचं आणि रफूचं. पुढे काउंटर, मागे लांबट खोली. खोलीच्या एका टोकाला काकांची प्रेस, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली भागूबाईचं टेबल. कसरीने खाल्लेला कोट, सिगरेटने जळलेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेली शाल, असं सगळं तिच्यापुढे यायचं. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून ती एकेक धागा अलगद काढायची, डोळ्याला भिंग लावायची आणि त्या भोकावर उभे-आडवे धागे असे विणत जायची की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून भोक शोधत बसे. तेवढा वेळ तिला कशाची भीती नसायची. भोक पडलेलंच असायचं, आणखी काय वाईट होणार?

मागच्या खोलीचे नियम मास्तरांनी घालून दिलेले. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक, पूर्वीचे शिंपी, तोंडाने फटकळ आणि कापडाच्या बाबतीत सोवळे. रंग जुळवायचा तो खिडकीशी नेऊनच, ट्यूबलाइटखाली नाही, हा त्यांचा पहिला नियम. ट्यूबच्या उजेडात पांढरा आणि मोतिया एकच दिसतात असं ते म्हणत आणि कुणी आळस केला की कपडा हातातून हिसकावून घेत. दुसरा नियम असा की टेबलाजवळ टोकदार काही आणायचं नाही. अंगठी नको, घड्याळ नको, पर्सची साखळी नको. तलम कापडाला जरा काही लागलं की धागा ओढला जातो आणि ते नुकसान दुकानाच्या बोकांडी बसतं. एकदा गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कडेने एका रेशमी जॅकेटचा समोरचा भाग असाच ओढला गेला होता. त्यावर मास्तर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून गोळी कसलीही असो, ती पाकिटातून फोडून बटणांच्या रिकाम्या डबीत ठेवायची अशी रीत पडली. खोलीत ज्याची त्याची डबी होती. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

भागूबाईचं डोकं दुखायला लागलं ते ह्याच टेबलावर. मानेच्या मागून सुरुवात व्हायची, कानांवरून कळ कपाळाशी यायची आणि दुपारपर्यंत असं वाटायचं की कुणी डोक्याभोवती ओली पट्टी बांधलीय आणि ती वाळत वाळत आवळत चाललीय. दुसरी कुणी म्हणाली असती, काम फार झालं. भागूबाई म्हणाली, गाठ. मेंदूत गाठ झाली, संपलं सगळं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होईल. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ती रोज गोळी आणायची, रोज घ्यायची आणि रोज संध्याकाळी आरशात एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान झालाय का ते बघायची. झोपेत आपल्याला काही झालं तर मुलगी एकटी उठेल, हा विचार मनात आला की ती अंथरुणात उठून बसायची. मग एके दिवशी ती मुलीला कपाटातल्या चादरी कुठे आणि हिवाळ्याचे कपडे कुठे ते समजावून सांगू लागली. मुलीला संशय आला आणि तिने आईला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई घाईतल्या नव्हत्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, हातापायांची ताकद बघितली, सरळ रेषेत चालायला लावलं. मग मानेवर अंगठा दाबला आणि भागूबाई किंचाळली.

"सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठबीठ काही नाही. तासन् तास मान मोडून बसता, वर दात आवळून बसता. स्नायू ताठतात आणि डोकं दुखतं. आणि ती दुकानातली गोळी रोज घेताय ना?"

"रोज नाही," भागूबाई म्हणाली. मुलीने नुसतं बघितलं. "म्हणजे... रोज."

"रोज घेतली की तीच गोळी डोकं दुखवायला लागते. ती बंद."

त्यांनी दोन औषधं दिली. एक दुखण्याची गोळी, फारच दुखलं तर घ्यायची, तीही आठवड्यातून दोनच दिवस. दुसरी मानेचे स्नायू सैल करणारी, झोपायच्या आधी एक. त्या दुसरीबद्दल डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या. हिने झोप येते, रक्तदाब खाली येतो, घेतल्यावर अंथरुणातून उठायचं तर सावकाश उठायचं. रक्तदाबाचं काही औषध चालू आहे का, हे त्यांनी उलटसुलट विचारून घेतलं. "आणि हे बघा, ही तुमच्या मानेसाठी आहे. बरं वाटलं की माणसाला वाटतं, शेजारणीलाही देऊ. द्यायची नाही."

"मी कशाला कुणाला देतेय!" भागूबाई म्हणाली. तिला ते जरा लागलंच. इतक्या जपून राहणाऱ्या बाईला हे सांगावं लागतं?

आणि खरोखर, तिने सगळं काटेकोर पाळलं. कोपऱ्यावरची गोळी सोडली तेव्हा सुरुवातीला डोकं जास्तच दुखलं, पण तिने दात... नाही, दात आवळले नाहीत, तेही सांगितलेलं होतं. तिने कळ काढली. मधूनमधून उठून ती मान डावी-उजवीकडे वळवायची, खांदे सोडायची. काका तिकडून म्हणायचे, "भागूबाईचा व्यायाम चाललाय, कुणी दृष्ट लावू नका." हळूहळू पट्टी सैल झाली. ती खिडकीशी बसून गुणगुणायलाही लागली.

एकच गोष्ट तिने आपल्या मनाने केली. औषध घरी राहिलं आणि वाटेत कळ आली तर, ह्या भीतीने ती दोन्ही गोळ्या सदा बरोबर बाळगायची. बरोबर म्हणजे पिशवीत, पिशवी टेबलापाशी, आणि टेबलापाशी चंदेरी पाकीट चालत नाही. तेव्हा दोन्ही गोळ्या फोडून एकाच डबीत गेल्या. दोन्ही गोल, दोन्ही एकाच आकाराच्या. एक दुधासारखी पांढरी, एक किंचित मोतिया.

"आई, पाकिटातच राहू दे ना. वर नाव असतं," मुलगी म्हणाली.

"पांढऱ्यात आणि मोतियात मी चुकेन होय?" भागूबाई म्हणाली. आयुष्यभर जिने हेच काम केलं तिला तो प्रश्न हास्यास्पद वाटला.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटून आलं होतं. एका वाद्यवृंदाचे काळे कोट आणि पांढरे शर्ट संध्याकाळच्या आत द्यायचे होते आणि खोलीत दिवसाढवळ्या ट्यूब लावली होती. काका प्रेसशी उभे होते, घामाने निथळत. एरवी त्यांच्या तोंडाची टकळी बंद नसायची. आज ते गप्प होते. थोड्या वेळाने ते स्टुलावर बसले आणि त्यांनी कपाळ दोन्ही हातांत धरलं.

"काय झालं काका?"

"डोकं गं. सकाळपासून ठणकतंय. मानेपासून वर चढलंय बघ."

मानेपासून वर. भागूबाईला ते शब्द आपल्या घरचेच वाटले. आजवर सगळे तिला धीर देत आले होते. भिऊ नको, काही होत नाही, बस जरा, पाणी पी. आज तिच्याकडे देण्यासारखं काहीतरी होतं. ती पटकन उठली, पिशवीतून डबी काढली आणि झाकण उघडलं. "थांबा, माझ्याकडे दुखण्याची गोळी आहे. डॉक्टरांनी दिलेली, कोपऱ्यावरची नाही. दोन घ्या, तुमचा देह मोठा आहे."

खिडकी चार पावलांवर होती. धाग्यासाठी ती रोज दहादा तिथे जाई. पण गोळीसाठी खिडकीशी कोण जातं? तिने ट्यूबखाली डबीत बघितलं, बोटाने दोन निवडल्या आणि काकांच्या तळहातावर ठेवल्या. काकांनी त्यांच्याकडे न बघता तोंडात टाकल्या आणि वर पाणी प्यायले.

"देव तुझं भलं करो, भागूबाई," म्हणाले आणि पुन्हा प्रेसशी उभे राहिले.

भागूबाई टेबलाशी परतली. तिला इतकं बरं वाटलं की तिने मुलीला हे संध्याकाळी कसं सांगायचं ते मनात जुळवूनही ठेवलं.

तासाभरात काकांचा हात मंदावला. एकाच शर्टाची त्यांनी दोनदा घडी घातली. भागूबाईने वर बघितलं तेव्हा ते प्रेसचा दांडा धरून उभे होते आणि त्यांचे डोळे अर्धे मिटले होते. "काका?" तिने हाक मारली. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण शब्द जिभेत अडकल्यासारखे आले. मग त्यांनी दांडा सोडला आणि ते खाली गेले. नशीब एवढंच की धुतलेल्या कोटांच्या गाठोड्यावर पडले, प्रेसवर नाही.

भागूबाई एकदम इतकी ओरडली की पुढच्या काउंटरवरचं गिऱ्हाईकही आत धावत आलं. मास्तर आले, पाणी मारलं, गालावर थापट्या मारल्या. काका डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. चेहरा राखेसारखा झाला होता. रुग्णवाहिका आली, काकांना उचलून नेलं, मास्तर बरोबर गेले. "तुम्ही इथेच थांबा बाई, दुकान सोडू नका," एवढं सांगून गेले.

खोलीत प्रेस तशीच फुसफुसत होती. भागूबाईने ती बंद केली. हृदय असेल, ती स्वतःशी म्हणत होती. वय झालं, उकाडा सोसत नाही, वाफ लागते. मी दिली ती नुसती दुखण्याची गोळी. ती मी स्वतः घेते. तिने कुणाचं काय होतंय?

पण तिचे पाय पिशवीकडे गेलेच. तिने डबी घेतली आणि ह्या वेळी खिडकीशी नेली. बाहेर उजेड थोडा होता, पण होता. तिने गोळ्या टेबलावरच्या काळ्या कापडावर ओतल्या आणि बघितल्या. सगळ्या दुधी पांढऱ्या. तिने बोटाने त्या अलग केल्या, उलट्या केल्या, भिंग लावून बघितल्या. मोतिया एकही नव्हती. रात्रीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, शेवटच्या दोन उरल्या होत्या, आज संध्याकाळी नवं पाकीट आणायचं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं.

आणि काका तर रक्तदाबाची गोळी घेतात. रोज सकाळी घरी काकू देतात म्हणून घेतात आणि दुकानात येऊन त्यांच्या नावाने खडे फोडतात. साऱ्या दुकानाला ते माहीत होतं.

भागूबाई आयुष्यभर भीत आली होती, पण आजवर ती ज्याला भीती समजत होती ती काहीच नव्हती. आजवर तिला वाटायचं की काहीतरी बाहेरून येईल आणि आपल्याला गाठेल. आज ते तिच्याच हातून झालं होतं. तिने गोळ्या डबीत भरल्या, खोली उघडी टाकली, काउंटर उघडं टाकलं आणि पळत सुटली. हॉस्पिटल दोन गल्ल्या पलीकडे होतं. वर जायला ती लिफ्टमध्ये शिरली हे तिच्या लक्षातही आलं नाही.

वर बाकावर मास्तर बसले होते. थोडं पुढे, काचेच्या दाराशी काकू उभ्या होत्या, अंगावर घरचेच कपडे, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. काका दाराच्या आत होते.

"काय म्हणतात?" भागूबाईने मास्तरांना विचारलं.

"रक्तदाब पार उतरलाय. नाडीही मंद आहे. मेंदूचा झटका असेल म्हणतात. मशीनमध्ये घालून बघायचं म्हणतात, पण रक्तदाब वर येईना म्हणून हलवता येत नाहीये." मास्तरांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही दुकान कुणावर टाकून आलात?"

"मास्तर, मी त्यांना गोळी दिली. माझी. चुकीची."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी काकूंकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "हळू बोला. कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग नका सांगू. डॉक्टर आहेत ते, रक्त तपासतील, त्यांना कळेल काय ते. उद्या काही बरंवाईट झालं तर तुमचं नाव येईल. पोलीस येतील. दुकानाचं नाव येईल. तुमची मुलगी आहे, तिचा विचार करा. एका गोळीने काय होतंय?"

"दोन होत्या."

"बाई, गप्प बसा."

गप्प बसणं भागूबाईला चांगलं जमायचं. मास्तरांसमोर तर तिचा शब्द कधी फुटायचा नाही. ती बाकाच्या टोकाला बसली. पोलीस हा शब्द तिच्या डोक्यात घणासारखा पडत होता. मुलीला कोण सांगेल? शेजारी काय म्हणतील? हे सगळं अगदी खरं होतं आणि ती त्याला भीत होती. तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि एक तरुण डॉक्टर बाहेर आले. कपाळावर घाम, हातमोजे तसेच.

"ह्यांनी आज काही वेगळं औषध घेतलं होतं का?" त्यांनी काकूंना विचारलं. "आठवून सांगा. रक्तदाबाची गोळी चुकून दोनदा वगैरे?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "मी माझ्या हाताने देते. सकाळी एक. आणखी काही घेतच नाहीत ते. गोळी बघितली की तोंड वाकडं करतात."

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते वळले. काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं आणि डॉक्टर आता तेच खरं धरून आत चालले होते. ते दार बंद झालं तर काका आत त्या चुकीच्या उत्तराबरोबर राहणार होते. भागूबाईला धीर वगैरे काही आला नाही. त्या दाराची भीती बाकीच्या भीतींपेक्षा मोठी झाली आणि त्या भीतीनेच तिला उठवून उभं केलं.

"घेतली," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिने पुन्हा म्हटलं, "त्यांनी घेतली. मी दिली."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. काकू वळल्या.

"काय दिलंत?" डॉक्टर झपाट्याने तिच्यापाशी आले.

"मानेची गोळी. स्नायू सैल करणारी. दुखण्याची समजून दिली. दोन. दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी."

"नाव काय गोळीचं?"

भागूबाईला नाव येत नव्हतं. तिने डबी पुढे केली, मग मागे घेतली. "ह्या नाहीत. त्या संपल्या. थोड्या मोतिया रंगाच्या होत्या, ह्याच आकाराच्या."

डॉक्टरांनी डबीत बघितलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. ते रागावले नाहीत, ते नुसते थकलेले दिसले. "बाई, अशा पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी आहेत. पाकीट कुठंय?"

पाकीट कचऱ्यात गेलं होतं. ती काय सांगणार? खोलीत धागा ओढला जातो म्हणून? तिने फोन काढला, बोटं चालेनात, म्हणून फोन मास्तरांच्या हातात कोंबला. "डॉक्टरीणबाईंचा नंबर काढा. काढा ना मास्तर!" आजवर तिने मास्तरांना कधी काही फर्मावलं नव्हतं. मास्तरांनी मुकाट्याने नंबर लावला. घंटी वाजत राहिली. भागूबाईला वाटलं, दवाखाना बंद असेल, उचलणार नाहीत, तेवढ्यात आत काकांचा जीव जाईल. मग कुणीतरी उचललं आणि भागूबाई काय बोलली ते तिचं तिला कळलं नाही, पण डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. तिने फोन त्या तरुण डॉक्टरांच्या कानाशी धरला. ते ऐकत गेले. "हो... दोन... रक्तदाबाची रोजची चालू आहे... हो, मग जुळतंय सगळं." त्यांनी फोन परत दिला आणि आत जाताना दारातूनच नर्सला काहीतरी ओरडून सांगितलं.

फोन अजून चालू होता. "ऐकताय ना?" डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "सांगितलंत ते बरं केलंत. आता तिथेच थांबा, त्यांना आणखी काही विचारायचं असेल." त्यांनी आणखी एक शब्द सुनावला नाही. भागूबाईला वाटलं, सुनावला असता तर बरं झालं असतं.

मग थांबणं आलं. भागूबाई काकूंच्या शेजारी जाऊन बसली. काकूंनी आपली पिशवी उचलली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून त्या भागूबाईकडे बघतही नव्हत्या, त्या दाराकडे बघत होत्या. दार उघडलं की दोघी एकदम उठायच्या आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं गेलं की दोघी एकदम बसायच्या. मास्तर मध्येच दुकान बघून आले आणि चहा घेऊन आले. कुणीच प्यायलं नाही. भागूबाईच्या मानेतून कळ वर चढायला लागली होती, कानांवरून कपाळाकडे, पण डबी तिच्या मुठीत होती आणि ती उघडायचं तिच्यात बळ नव्हतं.

संध्याकाळ होता होता डॉक्टर बाहेर आले. रक्तदाब वर येतोय, म्हणाले. डोळे उघडलेत, नाव सांगतात, चिडचिड करताहेत. झटका वगैरे नाही. गोळीचा अंमल उतरेपर्यंत लक्ष ठेवू. काकू बाकावर बसल्या आणि पदर नव्हता म्हणून बाहीत तोंड खुपसून रडल्या. भागूबाई भिंतीला टेकली. आपण जिवंत माणसाबद्दल ऐकतोय एवढंच तिला कळलं, बाकीचं काही शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली ती ओरडा खायला. मुलीने येते म्हटलं तर तिने नको म्हटलं. काका उशीला टेकून बसले होते, एका रात्रीत वाळल्यासारखे. काकू शेजारी खुर्चीवर. दोघांनी तिच्याकडे बघितलं आणि तिला दाराशीच थांबावंसं वाटलं.

"ये," काका म्हणाले. "लांब उभी राहून काय होणार?"

"मला बजावलं होतं काका," तिने एका दमात सांगून टाकलं. "कुणाला द्यायची नाही म्हणून बजावलं होतं. मी डबीत बघितलंही नाही नीट. ओरडा मला."

काकांनी चादरीची शिवण चाचपली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? विचारायला मला तोंड नव्हतं? कसली गोळी, माझ्या गोळीबरोबर चालते का. एवढंच तर विचारायचं होतं. मास्तरांनी दिली असती तर विचारलं असतं. माझ्या मेहुण्याने दिली असती तर खिशात टाकून हिला दाखवली असती." त्यांना धाप लागली, ते थांबले. "तू दिलीस म्हणून नाही विचारलं. म्हटलं, एवढी घाबरट बाई, हिने दिली म्हणजे हिने आधी सगळं बघितलेलंच असणार."

भागूबाईला वाटलं होतं, त्यांनी शिव्या दिल्या की रडायचं आणि मोकळं व्हायचं. आता रडूही येईना. इतकी वर्षं सगळे तिला हसत होते आणि तिच्यावर बिनघोर विसंबूनही होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि कळलं ते अशा दिवशी.

नर्स आली, काकूंच्या हातात गोळीचं एक पाकीट देऊन गेली. जेवण झालंय ना, ही आत्ता द्या, एवढं सांगून गेली. काकूंनी पाकीट डोळ्यांपाशी नेलं, लांब नेलं. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी काकांकडे बघितलं, मग भागूबाईकडे बघितलं. कालपासून त्या तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"हे घे," त्या म्हणाल्या. "नाव वाच. मोठ्याने वाच."

भागूबाईने पाकीट दोन्ही हातांनी धरलं. अक्षरं बारीक होती. तिने नाव वाचलं. आवाज फाटला म्हणून तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं, किती ताकदीची तेही वाचलं, कधीपर्यंत चालेल ती तारीखही वाचली. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डॉक्टरांनी आधी सांगितलेल्या नावाशी मनात ताडून बघितलं आणि मगच गोळी फोडून काकांच्या हातावर ठेवली.